खंडेराव गुरुजींची हजेरी

विंचूरच्या पुढे कोळखेडे म्हणून आमचं गाव आहे. जमीन काळी, माणसं उन्हानं तिच्याहून काळी, आणि वर्षातले आठ महिने हवेला कांद्याचा वास. बाहेरचा माणूस आला की नाकाला रुमाल लावतो. आम्हाला तो वास येत नाही. जे रोज असतं त्याचा वास माणसाला येत नाही, एवढं आधी सांगून ठेवतो. खंडेराव गुरुजींच्या बाबतीत आमचं तसंच झालं होतं.

खंडेराव कुशारे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले तेव्हा पंचविशीतले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. अक्षर असं की फळ्यावर लिहिलेलं पुसायला मुलांचा हात धजत नसे. हे त्यांचं चांगलं. दुसरं चांगलं म्हणजे स्मरणशक्ती. एकदा पटावर आलेलं नाव ते विसरत नसत. नाव, बापाचं नाव, आडनाव, हजेरी क्रमांक. वीस वर्षांनी बाजारात भेटलेल्या दाढीमिशीवाल्या माणसाला ते लांबून हाक मारायचे, "ए सतरा नंबर," आणि तो सतरा नंबर हातातली पिशवी खाली ठेवून पाया पडायचा. या दोन चांगल्या गोष्टींवर त्यांनी जे उभं केलं ते मी आता सांगतो.

मतदार याद्यांचं काम सरकारनं गुरुजींच्या गळ्यात घातलं. बाकीचे शिक्षक त्या कामाच्या नावानं बोटं मोडत. खंडेराव गुरुजी मात्र रोज संध्याकाळी वही घेऊन घरोघर फिरत. कोण कुठं नांदायला गेली, कोण वारलं, कोणाच्या घरात भावाभावांचं बोलणं बंद आहे, हे सगळं त्यांना यादी करता करता कळलं. पाच वर्षांत गाव त्यांच्या खिशात आलं. गावाला वाटलं, गुरुजी किती चौकशी करतात.

अशीच वर्षं गेली, आणि मग इसाकभाई पिंजाऱ्याची पोर कौसर शाळेतून सुटली. इसाकभाई गाद्या भरायचे आणि त्यांची बायको रेहाना व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोलटी एकीकडे, सडका लांब. दिवसभर उकिडवं बसायचं. एक दिवस गोणी अंगावर येऊन रेहानाचा हात मोडला. खळ्यावरची जागा जाऊ नये म्हणून पाचवीतली कौसर आईच्या जागेवर बसली. हात महिन्या-दीड महिन्यानं जुळला, पण वाकडा. कौसर तिथंच राहिली. वर्गात तिची जागा रिकामी झाली. गुरुजी विचारायला गेले नाहीत. हजेरीपटात मात्र तिच्या नावापुढे रोज हजेरीची खूण पडत राहिली.

कारण साधं होतं. पट घसरला असता तर एक शिक्षक जादा ठरला असता, आणि जादा ठरणाऱ्याची बदली सुरगाण्याच्या डोंगरात. गुरुजींनी गावात वीस वर्षं जे पेरलं होतं ते सोडून त्यांना डोंगरात जायचं नव्हतं. म्हणून खळ्यावर गेलेली, ऊसतोडीला गेलेली, मामाकडे गेलेली सगळी पोरं शाळेत रोज हजर होती.

मग एका ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पट मोजायचं ठरलं. अधिकारी येणार, मुलं मोजणार, आणि एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानाला लावतात तसली शाई लावणार. त्या सकाळी गुरुजी मोटारसायकल घेऊन खळ्यावर आले. कांद्याच्या ढिगामागे कौसर बसली होती.

"कौसर, चल. आजचा दिवस शाळेत बसायचं."

"मुकादम ओरडंल, गुरुजी."

"मुकादम माझा विद्यार्थी आहे. अकरा नंबर. चल."

रेहाना वाकड्या हातानं पदर सावरत पुढे आली. "गुरुजी, पोरीचं नाव हाय का अजून शाळंत?"

"पहिल्या पानावर आहे. सातवी पास करून देतो तिला. तुम्ही काळजी करू नका."

रेहानानं आकाशाकडे हात उचलले. त्या बाईला वाटलं, गुरुजींनी पोरीचं नाव मायेनं जपून ठेवलंय.

कौसरला दुसऱ्या मुलीचा गणवेश चढवला. तो दंडाला घट्ट होत होता. तिला सहावीच्या वर्गात बसवलं, जिथं ती त्याआधी एकदाही बसली नव्हती. अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं, तिनं "हजर" म्हटलं, आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. दुपारी खिचडी मिळाली. खिचडीनंतर गुरुजींनी तिला परत मोटारसायकलवर बसवून खळ्यावर सोडलं. उतरताना तिनं विचारलं, "उद्या येऊ का, गुरुजी?"

"उद्या मोजणी नाही," गुरुजी म्हणाले.

ते शाईचं बोट घेऊन ती पंधरा दिवस कांदा निवडत होती. खळ्यावरच्या बाया चेष्टा करायच्या, "काय गं, कोणाला मत दिलंस?" ती हसायची नाही.

त्या मोजणीत आमची शाळा उत्तम ठरली. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता, म्हणून हजेरी असली की पोर वरच्या वर्गात जायचं. कौसर न येता सहावी झाली, न येता सातवी झाली. आणि पट शाबूत राहिला तसे गुरुजीही गावात राहिले. पुढे दोन वर्षांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पेन्शन बांधून घेतली, आणि आणखी तीन वर्षांनी निवडणूक आली तेव्हा सरपंचपदाला उभे राहिले.

त्यांची पहिली सभा आम्हाला सगळ्यांना आठवते. मारुतीच्या पारावर ते उभे राहिले, खांद्याच्या कापडी पिशवीतून एक वही काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "भाषण मला येत नाही. मी मास्तर माणूस. मी हजेरी घेतो." आणि त्यांनी आमच्या वर्गाची नावं वाचायला सुरुवात केली. शाळेतल्या सगळ्या हजेरीपटांच्या नकला त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवल्या होत्या. नाव वाचलं की माणूस उठायचा, "हजर, गुरुजी." चाळिशीला आलेले बाप्ये, कडेवर पोर असलेल्या बाया. कोणाचा आवाज भरून यायचा. हजेरी संपली तेव्हा निवडणूकही संपली होती.

गुरुजी वर्षभरात सरपंचकीतून जिल्हा परिषदेत गेले आणि शिक्षण सभापती झाले. गाडी आली, मागे फिरणारी चार पोरं आली. कापडी पिशवी मात्र तीच राहिली. आमच्याकडे येण्याआधी ज्या ज्या गावात त्यांनी नोकरी केली होती तिथल्याही वह्या तिच्यात असायच्या. प्रत्येक सभेत हजेरी. लोक म्हणायचे, बघा, माणूस एवढा मोठा झाला पण एकेकाचं नाव ध्यानात आहे. आम्हीही तेच म्हणायचो. त्या पिशवीत नुसती नावं नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. कोणाची जन्मतारीख गुरुजींनी दोन वर्षं अलीकडे ओढून त्याला पोलीस भरतीत बसवलं होतं. कोणाला न शिकता दाखला दिला होता. "हजर" म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आवाजात माया होती, हे कबूल. उरलेल्या निम्म्यांचं काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या गावचं सरपंचपद मागासवर्गीय महिलेला आलं. गुरुजींनी दोन दिवस वह्या चाळल्या आणि कौसरचं नाव काढलं. तोवर तिचं लग्न झालं होतं. नवरा मुझफ्फर कांद्याचा टेम्पो चालवायचा, दोघं गावातच राहायचे. कौसर तेव्हाही खळ्यावर होती, आता मुकादमीण. शंभर बायांची भांडणं ती बसल्या जागी मिटवायची.

"मला कसं जमंल, गुरुजी?" ती म्हणाली. "सातवी पास लागती म्हणत्यात. मी तं पाचवीतून उठले."

"तू सातवी पास आहेस. माझ्या अक्षरात पास आहेस," गुरुजी म्हणाले. "जा, शाळेतून दाखला घेऊन ये."

दाखला मिळाला. त्यावर लिहिलं होतं, सातवी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. मुझफ्फरनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. कौसर निवडून आली, सरपंच झाली. गुरुजींना वाटलं, पिशवीत आणखी एक नाव पडलं.

दोन वर्षं ती गुरुजी सांगतील तिथं सही करत गेली, हेही लपवत नाही. पण बाई मुकादमीण होती. मोजल्याशिवाय तिला चैन नसे. एका उन्हाळ्यात ती गावच्या आणि आसपासच्या खळ्यांवर स्वतः फिरली आणि तिथं कामाला बसणाऱ्या, शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी केली. वाकडंतिकडं, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत घसरणारं अक्षर. एकतीस नावं झाली. ती घेऊन ती गुरुजींच्या बंगल्यावर गेली. जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक बसला होता, तरी दारातली पाटी सभापतींचीच होती. गुरुजींना आता आमदारकीचं तिकीट हवं होतं. पत्रकात सगळ्यात वर छापलं होतं: माझ्या गटात एकही मूल शाळाबाह्य नाही.

गुरुजींनी यादी वाचली. खिशातलं लाल पेन काढलं आणि नऊ नावांपुढे खुणा केल्या.

"बाकीची परजिल्ह्यातून कामाला आलेली, ती माझ्या गटातली नाहीत. ही नऊ तर शाळेत आहेत. पटावर आहेत. रोज हजर."

"कुठं हजर? मी त्यायला खळ्यावर बघून आले. ती गंगूची पोर माझ्या समोर गोलटी निवडत होती."

"कौसर, पटावर आहे म्हणजे आहे."

"मग मीबी होते का, गुरुजी?"

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "तू होतीस म्हणून आज खुर्चीवर आहेस. ज्या दिवशी नव्हतीस म्हणशील त्या दिवशी खळ्यावर जाशील. ही यादी फाड. तिकिटाचं होऊन जाऊ दे, मग बघू."

तिनं यादी फाडली नाही. घडी घालून ब्लाउजात ठेवली आणि चालत घरी आली. मुझफ्फर म्हणाला, "देख कौसर, अपना क्या जाता है? गुरुजी बडे लोग." ती म्हणाली, "नऊ पोरांच्या बोटाला शाई लागली असंल रे." त्याला काही कळलं नाही. तिनं समजावूनही सांगितलं नाही.

तिकीट ठरवायला मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले. गुरुजींनी मंगल कार्यालय घेतलं. सहा गावांची माणसं आणली. निरीक्षक पुढच्या सोफ्यावर बसले, सरपंच म्हणून कौसरला दुसऱ्या ओळीत बसवलं. गुरुजींनी पिशवी उघडली. आधी जुने वर्ग घेतले. हजर, हजर, हजर. निरीक्षकांनी शेजारच्याला विचारलं, "हे प्रत्येक सभेत होतं?" तो म्हणाला, "साहेब, ही तं झलक हाय." निरीक्षक खूश दिसत होते. दुसऱ्या कोणत्या इच्छुकाच्या एका शब्दावर एवढी माणसं उठून उभी राहणार होती?

मग गुरुजींनी शेवटची वही काढली. माझी शेवटची सातवी, म्हणाले. "आणि याच वर्गातली एक मुलगी आज तुमच्यापुढे सरपंच म्हणून बसली आहे. खळ्यावर काम करणाऱ्या आईची लेक. वर्षभरात एक दिवस खाडा नाही. कौसर इसाक पिंजारी."

कौसर उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"गैरहजर, गुरुजी."

मागे कोणीतरी हसलं. गुरुजीही हसले. "सरपंचबाई आता आमचीच थट्टा करायला लागल्या."

"थट्टा नाय. पाचवीनंतर मी एकच दिवस शाळंत आले. ज्या दिवशी तुम्ही मला खळ्यावरून आणून शाई लावली त्या दिवशी. आज त्याच खळ्यावर बसलेली नऊ पोरं तुमच्या शाळंत हजर हायेत. त्यांची नावं वाचा की."

गुरुजींनी खाली वहीत पाहिलं आणि जुन्या सवयीनं पुढचं नाव वाचलं. "दीपक एकनाथ शिरसाठ."

दीपक तिसऱ्या ओळीत होता. सगळ्यांना दिसत होता. तो उठला नाही. मोबाइलकडे बघत राहिला. पुढचं नाव. कोणी उठलं नाही. त्याच्या पुढचं. शूर म्हणून नव्हे, हे मी आमच्याच गावाबद्दल लिहितो. पहिला कोण उठतो ते प्रत्येकजण बघत होता, आणि पहिला कोणी उठलाच नाही. चार नावांनंतर गुरुजींनी वही मिटली. चहा मागवा, म्हणाले. निरीक्षकांनी चहा घेतला नाही.

तिकीट दुसऱ्याला गेलं.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, न्याय झाला. थांबा. कौसरच्या विरोधात पडलेल्या वत्सलाबाईंचा मुलगा संतोष त्या सभेत होता, आणि त्यानं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. आठवड्याच्या आत त्यानं नाशिकला अर्ज केला, की सरपंच सातवी पास नाही, स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, तिला अपात्र करा.

सुनावणीला शाळेचा मूळ हजेरीपट आला. त्यात कौसर रोज हजर होती, त्या सुंदर अक्षरात. साक्षीला खंडेराव गुरुजींना बोलावलं. बाहेरच्या बाकावर गुरुजी कौसरच्या शेजारी येऊन बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता.

"हे बघ, मी आत सांगतो, तू हजर होतीस. कागद माझ्या बाजूनं आहे. तू म्हण, त्या दिवशी रागानं बोलले. तुझी खुर्ची राहते."

"आणि तुमची पेन्शन."

"दोघांचं राहतं. त्यात वाईट काय?"

"आणि ती नऊ?"

"पुन्हा नऊच? कौसर, तू लहान होतीस तेव्हा तरी ऐकायचीस."

"तवा मी शाळंत कुठं होते, गुरुजी?"

आत अधिकाऱ्यांनी गुरुजींना विचारलं, ही विद्यार्थिनी सातवीत हजर होती का? गुरुजी उभे राहिले. देवाची शपथ घेतलीच होती. "हजर होती," ते म्हणाले. "हुशार मुलगी. एक दिवस खाडा नाही."

मग अधिकाऱ्यांनी कौसरकडे पाहिलं. माणूस बरा असावा. त्यानं तिला दोनदा विचारलं. "बाई, विचार करून बोला. रजिस्टर तुमच्या बाजूनं आहे, साक्षीदार तुमच्या बाजूनं आहे. तुम्ही हजर होता की नव्हता?"

संतोषचा वकीलसुद्धा लिहायचा थांबला. मुझफ्फर दारातून हातानं खूण करत होता, हो म्हण, हो म्हण.

"नव्हते, साहेब," कौसर म्हणाली. "मला सातवीतलं एक पान विचारा. मला नाय येणार." आणि तिनं ब्लाउजातून ती घडी घातलेली यादी काढून टेबलावर ठेवली. लाल खुणांसकट. "खुणा गुरुजींच्या हातच्या हायेत. अक्षर ताडून बघा."

महिन्याभरानं निकाल आला. कौसर अपात्र. तिनं शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या उपसरपंचाच्या हाती दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर गेली. मालकानं मुकादमी परत दिली नाही. ढिगाशी बसवलं. यादीवरची नऊ पोरं शाळेच्या नव्या बाईंनी, तृप्ती बाईंनी, स्वतः खळ्यावर येऊन नेली. त्यातली सहा टिकली. तीन परत आली आणि कौसरच्या शेजारी बसली. ती त्यांना हाकलते, ती पुन्हा येतात. कोणाचा हात मोडला असेल, कोणाचं आणखी काही. पण आता पटावर त्यांच्यापुढे गैरहजर लिहिलं जातं, आणि तृप्ती बाई दर आठवड्याला शोधत येतात.

गुरुजींच्या चौकशीचा कागद निघाला म्हणतात. नाशिकहून निघालेला तो कागद अजून आमच्या तालुक्यात पोचायचा आहे. मधल्या काळात पक्षानं त्यांना शिक्षक आघाडीचं प्रदेश उपाध्यक्ष केलं. आता ते राज्यभर फिरतात. शिक्षकांपुढे बोलतात, पेपरात फोटो येतो. तिकीट गेलं तरी माणूस वर गेलाच. अशी माणसं वर जातात. पाणी खाली येतं तितक्याच सहज जातात.

निवड झाल्यावर त्यांचा सत्कार गावात ठेवला होता. मारुतीच्या पारावर, त्याच जागी. माणसं पुष्कळ आली, नाही आली असं नाही. शाल दिली, नारळ दिला. गुरुजी बोलायला उभे राहिले तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्या खांद्याकडे गेल्या. पिशवी नव्हती. ते राज्याच्या शिक्षणावर बराच वेळ बोलले, आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की भाषण त्यांना खरोखरच येत नाही. समोर सतरा नंबर बसला होता, अकरा नंबर बसला होता. गुरुजींना सगळ्यांची नावं पाठ होती. त्यांनी एकाचंही घेतलं नाही.

पारामागच्या रस्त्यानं खळ्यावरच्या बाया घरी चालल्या होत्या. त्यांच्यात कौसर होती. गुरुजींनी तिला पाहिलं आणि बोलता बोलता वाक्य अर्धं राहिलं. ती थांबली नाही. बाया पुढं गेल्या, कांद्याचा वास मागं राहिला, आणि त्या दिवशी तो आम्हाला आला.